बेचाळिसाव्या वर्षी गिटार

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९९५ ची दहावीची बॅच तीस वर्षांनी एकत्र आली आहे. सकाळपासून आपण एकमेकांची पोटं, टक्कल आणि चष्म्याचे नंबर बघून घेतले. आता जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलंय. संयोजकांची अपेक्षा अशी की, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहापासून आहेतच. मी गिटारवर बोलते. मला फार छान वाजवता येते म्हणून नव्हे हं. चार वर्षं झाली, अजून मी नवशिकीच आहे. पण बेचाळिसाव्या वर्षी, घरच्या घरी, इंटरनेटवर बघून एखादं वाद्य हातात घेतलं की काय काय होतं, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या कामाचं आहे असं मला वाटतं.

आपण मिरजेची मुलं. आपलं गाव तारांचं गाव. सतारी आणि तंबोरे बनवायचं काम इथे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ते सुरू केलं आणि पुढे त्यांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस नुसते फटाके फुटत होते. शाळा सुटल्यावर आपण त्याच गल्लीतून घरी जायचो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे दारात टांगलेले असायचे, पॉलिशचा वास यायचा, आणि आत कुणीतरी एकच तार तासभर छेडत बसलेलं असायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आपल्या दर्ग्याच्या आवारात, उरुसात तिथे गाणं. इतकं सगळं उंबऱ्याशी असून आपल्या वर्गातल्या किती जणांनी तारेला बोट लावलं? मी मोजले, तिघांनी. त्या तिघांच्याही घरात आधीपासून गाणं होतं.

बाकीच्यांसाठी दार बंद होतं असं मी म्हणणार नाही. दार उघडंच होतं, पण आत जायला कुणीतरी नेणारं लागायचं. घरातलं कुणी, ओळखीचे बुवा, क्लासची फी आणि 'आधी अभ्यास' म्हणून न अडवणारे आईवडील. शाळेत समूहगीताची निवड व्हायची ती आठवते का? पेटीवर सूर मिळायचा, आपण 'आ' करायचो, आणि माझ्यासारख्यांना प्रेमाने मागच्या रांगेत उभं केलं जायचं. ओठ हलवायचे, आवाज नाही काढायचा. बाईंचंही बरोबरच होतं, त्यांना जिल्ह्याची ढाल आणायची होती आणि आपण ती आणली. मागच्या रांगेचा फोटो त्या ढालीबरोबर अजून ऑफिसात आहे, सकाळी बघून आले.

पुढे मी सांगलीला इंजिनिअरिंग केलं, पुण्याला नोकरी लागली, आणि २०२१ च्या जूनमध्ये, घरून काम चाललेलं असताना, आठ हजारांची एक गिटार मागवली. का मागवली याचं मोठं कारण नाही. मुलगी मोठी झाली होती. तिची खोली बंद, नवऱ्याची मीटिंग चालू, आणि संध्याकाळी सात ते आठ हा तास पहिल्यांदाच माझ्या एकटीचा झाला होता.

इंजिनिअरच्या हातात वस्तू आली की ती आधी मोजून बघते, तशी मी मोजली. गिटारच्या तारेची मोकळी लांबी साधारण ६५० मिलीमीटर. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. आपल्या सतारीच्या भाषेत पडदे. पहिला पडदा वरच्या टोकापासून साडेछत्तीस मिलीमीटरवर, पुढचा त्याहून किंचित जवळ, असं करत बारावा पडदा बरोबर ३२५ वर. म्हणजे निम्मी तार, आणि तिथे तोच सूर वरच्या सप्तकात येतो. हिशेब सोपा आहे. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, तेवढं पुढे सरकून पडदा ठोकायचा, पुन्हा उरलेल्या लांबीला भागायचं. दोनाचं बारावं मूळ यातून येतं. सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे.

इथे सतारीत आणि गिटारमध्ये मोठा फरक आहे, आणि तो मला मिरजेची असूनही पंचेचाळिशीकडे झुकताना कळला. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वाजवणारा ते रागाप्रमाणे वरखाली सरकवतो. गिटारचे पडदे कारखान्यात ठोकलेले. सातव्या पडद्यावरचा पंचम खऱ्या दीडपटीच्या इतका जवळ येतो की फरक कानाला लागत नाही. पण चौथ्या पडद्यावरचा गंधार? शुद्ध गंधार सव्वापट हवा, गिटार देते जवळजवळ १.२६ पट. थोडासा चढा. पेटीचंही तेच आहे. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, तिचे सूर असे ठरून गेलेले आणि दोन सुरांमधली मींड तिला काढता येत नाही, हे त्यामागचं एक कारण. हा चढा गंधार लक्षात ठेवा, पुढे तो माझ्या स्वयंपाकघरात येणार आहे.

आता शिकण्याबद्दल. आज कुणालाही गिटार शिकायची तर माहितीची कमतरता अजिबात नाही. उलट, सगळी अडचण तिच्या महापुराची आहे. यूट्यूबवर 'नवशिक्यांसाठी गिटार' असं लिहिलं की इतके व्हिडिओ येतात की ते बघण्यात निवृत्तीपर्यंतचा वेळ जाईल. त्यातून एक रोग जडतो, तो माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना जडलेला मी पाहिला: धडे गोळा करण्याचा. आज एकाचा पहिला धडा, उद्या दुसऱ्याचा पहिला धडा. महिन्याभराने जवळ तीस पहिले धडे असतात आणि दुसरा एकही नसतो. म्हणून माझा पहिला सल्ला: एक अभ्यासक्रम निवडा आणि तो संपेपर्यंत दुसरीकडे बघू नका. मी जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचा निवडला. 'जस्टिनगिटार' हे त्याचं संकेतस्थळ २००३ पासून चालू आहे आणि नवशिक्यांचा मूळ अभ्यासक्रम फुकट आहे. दुसराही चालेल, पण क्रम लावून दिलेला हवा. फी भरून शिकवणाऱ्या गुरूकडून आपल्याला जी गोष्ट मिळते, तिचा मोठा भाग म्हणजे 'हे आज, ते नंतर' एवढंच सांगणं असतं.

त्या अभ्यासक्रमात सुरुवातीला तीनच कॉर्ड आहेत: ए, डी आणि ई. कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम. सा-ग-प एकत्र वाजवले की झाली मेजर कॉर्ड, त्यातला गंधार कोमल केला की मायनर. 'ए'ला सा मानलं तर 'डी' हा मध्यम आणि 'ई' हा पंचम. सा, म, प या तीन जागांवर उभ्या केलेल्या तीन कॉर्डवर जगातली किती गाणी उभी आहेत, हे बघून मी थक्क झाले.

पण कॉर्ड कळणं आणि हाताला येणं यांत आपल्या मिरज-पुण्याएवढं अंतर आहे. 'ए' कुठे धरायचा हे मला पाच मिनिटांत पाठ झालं. 'ए'वरून 'डी'वर जायला बोटं मात्र तयार होईनात, सुट्टी लागलेल्या पोरांसारखी प्रत्येक बोट वेगळ्या दिशेला. यावर त्याच अभ्यासक्रमात एक साधा व्यायाम आहे. घड्याळ लावायचं, एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा नीट बदल होतो ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी माझे नऊ झाले. तीन आठवड्यांनी एकतीस. दोन महिन्यांनी साठ. ती वही माझ्याकडे आहे. ऑफिसातल्या कुठल्याही आलेखापेक्षा मला ती प्रिय आहे, कारण त्यातला प्रत्येक आकडा माझ्या चार बोटांनी कमावलेला आहे.

ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी आणखी चार गोष्टी भराभर सांगते.

एक, बोटं दुखतात. पोलादी तार असते, टोकं लाल होतात. तीन-चार आठवड्यांत त्वचा जाड होते आणि त्रास थांबतो. म्हणून सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. बोटांचं दुखणं सोसायचं, मनगट दुखलं तर मात्र लगेच थांबायचं. आपण सगळे कीबोर्डवर आयुष्य काढलेली माणसं आहोत, मनगट आधीच अर्धं खर्ची पडलंय.

दोन, बोट पडद्यावर ठेवायचं नाही, पडद्याच्या अगदी अलीकडे ठेवायचं. कमी जोरात स्वच्छ सूर येतो. या एका वाक्याने माझी निम्मी खरखर गेली.

तीन, व्हिडिओचा वेग कमी करता येतो. पाऊणपट करा, निमपट करा, पट्टी तीच राहते. आपल्या लहानपणी कॅसेट मागे-पुढे करून गाणं उतरवून घेणारे लोक होते, त्यांनी हे बघितलं असतं तर पेढे वाटले असते.

चार, एफ नावाची एक कॉर्ड येते. तिच्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं असतं. पुष्कळ गिटारी या कॉर्डनंतर कपाटावर जातात. मला अकरा आठवडे लागले. बाराव्या आठवड्यात ती वाजली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवून ऐकवली, आणि सगळ्यांनी विचारलं, "यात विशेष काय?" तेव्हा अशा वेळी टाळ्यांची अपेक्षा ठेवू नका.

इथपर्यंत इंटरनेटचं कौतुक झालं. आता त्याला जे जमत नाही ते सांगते. त्याला आपण दिसत नाही. व्हिडिओतला शिक्षक माझा अंगठा बघत नाही. यावर थोडा उपाय आहे: फोन समोर ठेवून स्वतःचं चित्रण करायचं आणि दुसऱ्या दिवशी, परक्या माणसाचं बघावं तसं बघायचं. दिसतं बरंच. पण ऐकण्याचं काय, ते मला आपल्या गावातच कळलं.

२०२१ च्या दिवाळीत गिटार घेऊन मी माहेरी आले होते. तारा पडद्यांपासून फार उंच होत्या, दाबायला जोर लागायचा. बाबा म्हणाले, "गल्लीत दाखव की." मी एका कारखान्यात गेले. पंच्याहत्तरीचे एक चाचा जवारी काढत बसले होते. तंबोऱ्याच्या घोडीला कानसेने असा केसाएवढा उतार द्यायचा की तार तिला हलकेच घासत वाजेल, तो भरलेला, झणझणता नाद त्यातून येतो. तासन्‌तासांचं काम. मी भीतभीत गिटार पुढे केली. त्यांनी ती आडवी धरून मानेवरून एक डोळा मिटून बघितलं.

"कोण शिकवतंय ताई?"

"मोबाइलवर शिकते, चाचा."

"मोबाइल बोलतोय. ऐकतोय काय?"

मी म्हटलं, ऐकतो की, ट्यूनर आहे. मायक्रोफोनवर आलेल्या आवाजाची वारंवारता मोजतो आणि तार चढी आहे की उतरी ते सांगतो.

"ते मोजणं झालं. ऐकणं निराळं." असं म्हणून त्यांनी हाडाची घोडी काढून खालून थोडी घासली आणि परत बसवली. मग शेजारच्या तंबोऱ्याची जोडीची तार छेडली. म्हणाले, "मोबाइल पिशवीत ठेवा. तुमची तिसरी तार हिच्याशी मिळवा."

मला दहा मिनिटं लागली. दोन सूर जवळ आले की आवाज डुलायला लागतो, मोठा-लहान, मोठा-लहान. अकरावीच्या भौतिकशास्त्रात आपण हे शिकलो आहोत: दोन वारंवारतांत जेवढा फरक, सेकंदाला तेवढे ठोके. उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. कानाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खुंटी पिळत गेले तसं ते डुलणं सावकाश होत गेलं, मग एक लांब लाट उरली, आणि मग तीही थांबली. दोन तारा एकच झाल्या. चाचांनी मान हलवली, बोलले काहीच नाहीत. नंतर मला तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेकडे कान द्यायला सांगितलं. "गंधार ऐकू येतोय?" खर्जाच्या तारेवर कुणी गंधार वाजवत नाही, तो तिच्या नादातून आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पाच मिनिटांनी तो मला सापडला. एकदा सापडला की मग तो ऐकू न येणं अशक्य.

घोडीचे पैसे घेतले, ऐकण्याचे घेतले नाहीत. निघताना म्हणाले, "रोज पाच मिनिटं नुसती तार लावा. वाजवू नका, ऐका. याचे पडदे तर हलत नाहीत, मग कानानंच हललं पाहिजे." तो माझा रोजचा पहिला धडा झाला, आणि कुठल्याही अभ्यासक्रमात मला तो असा मिळाला नव्हता.

आता स्वयंपाकघराकडे येते. माझ्या सासूबाई आमच्याजवळ असतात, वय अठ्ठ्याहत्तर. सोसायटीच्या भजनी मंडळात पंचवीस वर्षं गायल्या. कोविडनंतर मंडळ बंद पडलं, दोघी मैत्रिणी गेल्या, आणि आई गायच्या थांबल्या. एका संध्याकाळी मी कट्ट्याजवळच्या स्टुलावर बसून दोनच कॉर्ड आलटून-पालटून वाजवत होते. आई मेथी निवडत होत्या. त्या मध्येच गुणगुणायला लागल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "तुझी पट्टी खाली आहे गं." आईंची पट्टी काळी पाच. मी कॅपो काढला. हा एक चिमटा असतो, मानेवर लावला की सगळ्या तारा एकदम चढतात. पहिल्या पडद्यावर लावला की बोटं 'ए'चीच राहतात आणि सूर काळी पाचचा होतो. आईंनी अभंग सुरू केला.

मला वाटलं होतं, ताल धरून नीट चार-चार मात्रांत वाजवत जाऊ. पण त्या एका शब्दावर रेंगाळायच्या, श्वास घ्यायच्या, मेथीची काडी बाजूला टाकायच्या आणि मग पुढे जायच्या. मेट्रोनोमवर कमावलेला माझा सगळा ताल तिथे उपयोगाचा नव्हता. त्या म्हणाल्या, "माझ्या मागून ये. पुढे पळू नको." आणि चालीत एका जागी कोमल गंधार होता. माझ्या मेजर कॉर्डमधला ठोकलेला, चढा गंधार तिथे असा टोचला की दोघींच्याही कपाळाला आठी पडली. तेव्हा मी गंधार सोडूनच दिला. नुसता सा आणि प धरला, तंबोऱ्यासारखा. आईंचं गाणं त्यावर अलगद बसलं. त्या दिवशी त्यांनी तीन अभंग म्हटले आणि मेथीची भाजी साडेनऊला झाली.

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आम्ही बसतो. माझं वाजवणं मैफिलीत नेण्यासारखं नाही, कधी होईल असंही नाही. पण थांबलेलं एक गाणं घरात पुन्हा सुरू झालं, आणि त्याला दोन सूर पुरले.

मित्रहो, आपण सगळे सतत शिकणारी माणसं आहोत. मी चोवीस वर्षांच्या नोकरीत सात-आठ प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकले, त्यातल्या निम्म्या आता कुणी विचारत नाही. डॉक्टर झालेले नवी औषधं शिकतात, बँकेतले दर वर्षी नवी प्रणाली शिकतात. पण हे शिकणं पोटासाठीचं. त्यामागे भीती असते, मूल्यमापन असतं, पंचवीस वर्षांचा शेजारचा मुलगा असतो जो दुप्पट वेगाने शिकतो. सातवी-आठवीनंतर परीक्षेशिवाय मी काही शिकले असेन तर ते ही गिटार.

आणि त्यात एक गोष्ट नव्याने भेटली. आपल्या वयाला आपण सगळे कशात तरी तरबेज असतो. लोक आपल्याला विचारायला येतात. घरात मुलं आपल्याला बघतात ती पूर्ण झालेली माणसं म्हणून. चुकत, अडखळत, तेच तेच करताना आपल्याला कुणी पाहिलेलंच नसतं. माझ्या मुलीने मला वर्षभर रोज बेसूर ऐकलं. सुरुवातीला दार लावून घ्यायची. "आई, हे एकच अजून किती वेळा?" आदल्या वर्षी तिला शाळेच्या बॅडमिंटन संघातून वगळलं होतं आणि रॅकेट पलंगाखाली गेली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती रॅकेट घेऊन खाली गेली, बिल्डिंगमधल्या लहान मुलांशी खेळायला. आता रोज जाते. संघात परत गेलेली नाही, जायचं म्हणतही नाही. मी कारण विचारलेलं नाही. तिच्या वेळेत माझीही सात ते आठची वेळ असते, दोघी आपापल्या जागी मागच्या रांगेत मजेत आहोत.

आज सकाळी आपण दोन मिनिटं शांत उभे राहिलो. आपल्या बॅचमधली काही माणसं या सभागृहात नाहीत, पुढच्या मेळाव्याला आणखी काही नसतील. आपल्यापैकी कुणाची मुलं परदेशी गेलीत, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत, कुणाची नोकरी डळमळीत आहे, ते आपण एकमेकांना जेवताना हळूच सांगितलंय. या सगळ्यावर गिटार हे उत्तर नाही. पण दिवसातली पंधरा मिनिटं अशी असावीत ज्यात कुणाला काही सिद्ध करायचं नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते. गिटारच हवी असं नाही. मोडी लिपी शिका, पोहायला शिका, पेटी काढा माळ्यावरून. पूर्वी आत नेणारं माणूस लागायचं, आता निदान उंबऱ्यापर्यंत फोन नेतो. पुढे मात्र आपणच रोज जायचं, आणि शक्य असेल तिथे ऐकणारं एक माणूस शोधायचं. आपल्या गावात तर अशी माणसं अजून आहेत. उद्या सकाळी गाड्या काढण्याआधी सतारमेकर गल्लीतून एक चक्कर मारा. दुकानं दहाला उघडतात, मी जाणार आहे. गिटारची तिसरी तार काल रात्री तुटली आहे, ती तिथेच घालून घेईन. येणाऱ्यांनी संयोजकांच्या वहीत नाव लिहावं, म्हणजे चहा किती सांगायचा ते कळेल.